न घेतलेले माप

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. जोडीतला डावा. शर्यतीच्या सायकलवर बसताना घालतात तसला, वासराच्या काळ्या चामड्याचा, हवा खेळावी म्हणून वरच्या बाजूला बारीक भोके पाडलेला. उजवाही इथेच शेजारच्या खिळ्याला टांगला आहे, पण त्याला फारसे काही सांगण्यासारखे नाही. त्याच्या हातून काही वाईट घडले नाही. बुटाला हात नसतात हे मला ठाऊक आहे, तरी माझ्या हातून घडले असेच मी म्हणणार.

आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा रडगाणे गातात. मला झिजवले, मला अडगळीत टाकले, माझी कुणाला आठवण राहिली नाही, वगैरे. माझे उलटे आहे. मला कुणी टाकून दिले नाही. भिंतीवर टांगून ठेवले आणि तेरा वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याकडून माझी वाहवा करवली. त्या प्रत्येक वाहवेची आज मला लाज वाटते.

स्खेल्डे नदीच्या काठी, औडेनार्डे शहराच्या अलीकडे जे खेडे लागते, तिथल्या चर्चसमोरच्या दुकानात माझा जन्म झाला. ओदील नावाचे गृहस्थ तिथे बूट शिवत. पंचक्रोशीतले सायकलपटू त्यांच्याकडेच येत, कारण ओदीलची पद्धत पक्की होती. गिऱ्हाइकाला ते मोजे काढायला लावून तपकिरी कागदावर उभे करत आणि पेन्सिलीने दोन्ही पावलांची कड काढत. त्या मापावर लाकडाचा फर्मा कोरत, त्यावर मालकाचे नाव लिहून तो भिंतीला टांगत, आणि मग त्याच फर्म्यावर चामडे ताणून बूट शिवत.

बूट तयार झाला तरी काम संपत नसे. शर्यतीच्या बुटाच्या तळाला खाच असलेली एक धातूची पट्टी ठोकावी लागते. त्या खाचेत पायडलची कड बसते आणि पाय तिथेच जखडला जातो. म्हणून पट्टी जागच्या जागी हवी. ओदील ती लगेच ठोकत नसत. "चार दिवस बिनपट्टीचाच चालव आणि मग ये," असे सांगून माणसाला परत पाठवत. चार दिवसांत पायडल चामड्याच्या तळावर आपली खूण उमटवते. कुणाची सरळ येते, कुणाची तिरकी, कुणाची पुढे, कुणाची मागे. त्या खुणेवर बरोबर पट्टी बसायची. एखादा घायकुतीला आला तर ओदील त्याला हसून म्हणत, "पाय कसा ठेवायचा ते पायाला ठरवू दे की. मी कोण सांगणारा?"

अशा शहाण्या माणसाने मला शिवले, हे आधी लक्षात घ्या.

ओदीलना एकच मुलगी, लीव्हे. एकोणीस वर्षांची, कापडगिरणीत मागावर काम करणारी, ठेंगणी आणि भारी जिद्दीची. आतेभावाचे जुने बूट पुढे लोकर कोंबून घालायची आणि सायकल मारायची. ओदीलना ते मुळीच आवडत नव्हते. बाईमाणसाने सायकलवरून दूध आणावे, फार तर चर्चला जावे, असे त्यांचे मत. पण गावच्या जत्रेत पोरींची शर्यत झाली आणि लीव्हे ती जिंकली. सोमवारी दुकानात टाच ठोकून घ्यायला आलेल्या म्हातारीपासून पाद्रीबुवांपर्यंत प्रत्येकाला ओदीलनी ती शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवले की पोरीला बूट शिवायचे, तिला न कळू देता शिवायचे आणि ईस्टरच्या सकाळी द्यायचे.

गुपित ठेवायचे तर माप घेणार कसे? दाराशी पडलेल्या तिच्या रोजच्या बुटाची लांबी त्यांनी दोरीने मोजली आणि भिंतीवरचा एक फर्मा काढला. आखील नावाच्या एका हडकुळ्या सायकलपटूचा तो फर्मा. लांबी तंतोतंत जुळली. रुंदी बघायचे त्यांच्या मनातही आले नाही. आखीलचा पाय चिंचोळा होता आणि लीव्हेचा बोटांपाशी पसरट, डावा तर उजव्याहून जास्तच.

लेओन्तीनबाई, म्हणजे लीव्हेची आई, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"ओदील, निदान तिच्या एखाद्या जुन्या बुटात तरी हात घालून बघ."

"लेओन्तीन, पोरगी चालायला शिकली ती माझं बोट धरून. तिचा पाय मला मोजायला लागतो होय?"

"आणि ती खूण? चार दिवस चालवायचं, ते?"

"खूण परक्यांसाठी. घरच्या पायाची कसली खूण बघायची?"

आणि त्यांनी पट्टी ठोकली. नाकासमोर सरळ. लीव्हेचा डावा पाय चालतानाही थोडा बाहेर वळतो. ती दिवसातून दहा वेळा दुकानातून ये-जा करायची, पण रोज दिसणारे माणूस आपण नीट बघतो थोडेच!

मला मात्र त्यांनी जीव लावून शिवले. पाच-पाच टाके एका सेंटिमीटरात. आतली शिवण हाताला लागणार नाही इतकी दाबून घेतलेली. मेण चोळून चोळून माझ्यावर अशी चमक आणली की मी स्वतःवर खूश होतो. नव्या वस्तूला गर्व फार लवकर चढतो, मित्रांनो.

ईस्टरच्या सकाळी टेबलावर तांदळाच्या खिरीचा गोड केक आणि कॉफी होती, आणि त्यांच्या शेजारी कागदात गुंडाळलेले आम्ही दोघे. लीव्हेने कागद सोडला. मग तिने मोजे ओढून घेतले आणि मला पायात चढवले.

त्याच क्षणी मला कळले. तिची करंगळी जागा शोधत आली आणि जागा नाही म्हणून शेजारच्या बोटाखाली दुमडून बसली. पाय पुढे पसरू बघत होता आणि माझी शिवण त्याला पसरू देत नव्हती. लीव्हेच्या कपाळावर एक आठी उमटली. मग तिने मान वर केली. समोर बाप उभा होता, हात एप्रनला पुसत, लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत.

"कसे आहेत?"

"हातमोजे घातल्यासारखे बसलेत, बाबा," लीव्हे म्हणाली.

आमच्या भागात बुटाची याहून मोठी तारीफ नसते. ओदीलनी तोंड फिरवून नाक शिंकरले. आता सांगा, त्या पोरीने दुसरे काय म्हणायला हवे होते? मी आजही तिला दोष देत नाही. शिवाय आमच्याकडे लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की शर्यतीचा बूट आधी चावलाच पाहिजे, चामडे मागाहून सैल होते. तिलाही वाटले असेल, होईल सैल.

मी झालो नाही. चामडे ताणले जाते हे खरे, पण आतल्या पायाच्या रुंदीइतके कुठून ताणणार? आणि खरे सांगायचे तर मला व्हायचेही नव्हते. माझा आकार बिघडेल याची मला धास्ती होती.

मग सराव सुरू झाला. तो घ्यायला फिर्मिन, लेओन्तीनबाईंचे भाऊ. एकेकाळी स्वतः शर्यती मारलेले, आता पोट सुटलेले आणि मोपेडवरून मागून ओरडणारे. लीव्हेच्या पायाला पहिली दहा किलोमीटर नुसती खाज सुटायची. वीस झाली की चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग. चाळीसला आग थांबायची, आणि तेच सगळ्यात वाईट, कारण मग तिथे काहीच उरायचे नाही. दोन बोटे तिच्या पायाला आहेत की नाहीत हे तिला कळायचे नाही. दगडी फरशीच्या रस्त्यावर तर प्रत्येक दगड माझ्यातून थेट तिच्या हाडात जायचा.

"मामा, पाय बधिर होतो हो," एकदा ती म्हणालीच.

"होणारच! तू पायडल मारत नाहीस, बटाटे तुडवतेस. वरून नुसती दणादण. अगं, पाय गोल फिरायला हवा. खाली आला की दारातल्या पायपुसण्यावर चिखल पुसतेस ना, तसा मागे ओढायचा. मग वर उचलायचा. कळलं?"

"ओढते हो मी."

"काय ओढतेस! मागून मला दिसतंय ना सगळं. तुझी आई याहून बरी चालवायची, आणि तिच्या पोटात तेव्हा तू होतीस."

फिर्मिनमामांचे पूर्ण चुकत नव्हते. लीव्हे वरून दाबायची हे खरे. पण का दाबायची? मागे ओढले की माझी वरची कड बोटांच्या सांध्यात रुतायची. ती ओढायचे टाळत होती ती आळसाने नव्हे. मामांनी त्यावर उपाय काढला. पायडलवर पाय बांधून ठेवणारा चामडी पट्टा त्यांनी दोन भोके आणखी आवळला. "आता कसा ओढत नाहीस ते बघतो," म्हणाले. त्यातच पट्टी सरळ आणि पाय बाहेर वळणारा, त्यामुळे प्रत्येक फेरीला तिचा गुडघा आणि मी यांची ओढाताण चालायची.

घरी तिने गुपचूप काय काय केले! व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसली. कोबीची पाने बांधली. मला गरम पाण्यात भिजवून ओलाच पायात घालून अंगणात फेऱ्या मारल्या. वाळल्यावर मी पुन्हा होतो तसाच झालो. मग ती लेस सैल बांधू लागली, आणि तेवढ्याने थोडा आराम पडायचा. पण एका शर्यतीच्या सुरुवातीला ओदीलची नजर गेली. सगळ्यांसमोर ते गुडघ्यावर बसले.

"हे काय गं? लेस अशी लोंबतेय! माझ्या बुटाची अब्रू घालवतेस काय?"

त्यांनी लेस ओढून दोन गाठी मारल्या. वर तिच्या मोज्यावरून प्रेमाने हातही फिरवला. लीव्हे त्यांच्या टकलाकडे बघत राहिली. "बाबा" एवढे म्हणाली, आणि पुढचे गिळले.

मे महिन्यात निवड-शर्यत आली. सत्तर किलोमीटर, शेवटी दगडी फरशीचा चढ. पहिल्या दोघी देशाच्या संघात जाणार होत्या. मी तिच्याबरोबर प्रत्येक मीटर होतो, म्हणून सांगतो, की त्या दिवशी लीव्हेइतकी ताकद कुणातच नव्हती. चढाच्या पायथ्याशी तिघी उरल्या, आणि लीव्हे सगळ्यांत पुढे. फुफ्फुसे ठीक होती, मांड्या ठीक होत्या. फक्त डावे पाऊल मेले होते. ती दाबत होती, पण आपण दाबतोय की नाही हे तिला समजत नव्हते. घाबरून तिने एकदा खाली बघितले, पाय पायडलवर आहे ना म्हणून. मग तिचा हात खाली आला, तिने पट्टा सोडला आणि मला पायडलवरून उपटून बोटे हलवू लागली. पाच सेकंद, फार तर सहा. तेवढ्यात दोघी तिच्या पुढे निघून गेल्या. तिने पाय पुन्हा बसवला, जिवाच्या आकांताने पाठलाग केला, पण वीस मीटर भरून निघाले नाहीत.

ती तिसरी आली.

"पट्टा कसा सुटला?" ओदीलनी विचारले.

"सुटला, बाबा. मीच नीट आवळला नव्हता."

संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात गावाने निकाल लावून टाकला. लीव्हेपाशी पाय आहेत, डोके नाही. फिर्मिनमामा म्हणाले, शेवटच्या घटकेला लागतो तो चिवटपणा पोरीत नाही. आणि मला ओळखणारे म्हणाले, ओदीलच्या बुटांत काही खोट नव्हती बुवा, काय देखणे बूट! हे मी सगळे त्याच खोलीत, टेबलाखाली, तिच्या पायात असताना ऐकले. तिच्या पायाला तेव्हा कुठे धग परत येत होती. बोलता आले असते तर मी त्या रात्री टेबलावर चढून ओरडलो असतो.

लीव्हेने आणखी दोन हंगाम काढले. मग एका शरद ऋतूत ती मला पुसून दुकानात घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आता पुरे. कंटाळा आला मला." ओदीलनी कारण विचारले नाही. त्यांना ते फार लागले होते, आणि माणसाला फार लागले की तो विचारायचे सोडून अबोला धरतो. लीव्हेचे लग्न झाले, दोन मुले झाली, ती नवऱ्याच्या पावाच्या भट्टीत उभी राहू लागली. दर रविवारी जेवायला यायची. सायकलचा विषय कुणी काढत नसे. मी भिंतीवर. नवे गिऱ्हाईक आले की ओदील मला काढून दाखवायचे, "हे टाके बघा. असले मी पुन्हा शिवले नाहीत."

तेरा वर्षांनी एकदा त्यांनी मला तेल द्यायला खाली घेतले. आतले अस्तर उसवले होते, म्हणून त्यांनी चामडे कापायच्या रापीने आतला तळ सोडवला आणि उजेडात धरला. बूट शिवणाऱ्याला तो तळ पत्रासारखा वाचता येतो. अंगठ्याचा ठसा होता. चवड्याचा ठसा कडेपर्यंत येऊन तुटला होता, उरलेला भाग माझ्या कडेच्या चामड्यावर दाबला गेला होता. करंगळीचा ठसा जिथे असायला हवा तिथे काहीच नव्हते, तो शेजारच्या बोटाच्या ठशात घुसला होता. त्यांनी मला उलटे केले. पट्टी सरळ होती, आणि तिच्या शेजारी पायडलने ओरबाडलेली एक तिरकी खूण होती. तेरा वर्षे भिंतीवर टांगलेल्या बुटाचा तळ कधी कुणी बघितला नव्हता.

त्यांनी त्या तिरक्या खुणेवरून बोट फिरवले. तेवढ्यात लेओन्तीनबाई जेवायला हाक मारत आत आल्या.

"लेओन्तीन, लीव्हेला दुखत होतं."

बाईंनी दुकानाचे दार आतून लावले.

"तुला माहीत होतं?"

"मोजा काढताना बघायचे ना मी. रक्त असायचं कधी कधी. तिने शपथ घातली होती मला."

"फिर्मिनला?"

"नखं काळी पडलेली त्यानंही पाहिली होती, ओदील. तुला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तू त्या बुटांवर इतका खूश होतास..."

ओदीलनी मला टेबलावर ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मी त्यांचाच घडवलेला, पण मला त्यांची तेव्हा कीव आली आणि माझी त्याहून जास्त.

मित्रांनो, मला जे सांगायचे ते मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचे सांगितल्यावर मला बोलवणार नाही. बूट घ्याल तेव्हा संध्याकाळी घ्या, पाय पसरलेले असतात. बोटे हलली पाहिजेत. चावतोय तर चावतोय म्हणा, मग तो कुणी का दिलेला असेना. आणि तुम्ही कुणाला प्रेमाने काही दिलेत तर ते रुतते का हे नंतर एकदा विचारा. देऊन मोकळे होऊ नका.

पुढच्या रविवारी लीव्हे जेवायला आली. जेवण झाल्यावर ओदील तिला दुकानात घेऊन आले, खाली तपकिरी कागद पसरला आणि म्हणाले, "मोजे काढ."

"आता कशाला, बाबा? मी काय शर्यतीत उतरणार आहे?"

"काढ गं."

ती कागदावर उभी राहिली. म्हातारे गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पेन्सिलीने तिच्या पावलांची कड काढली. त्या मापावर त्यांनी तीन आठवडे खपून फर्मा कोरला, त्यावर तिचे नाव लिहिले, आणि साधे, रोज चालायचे, मऊ चामड्याचे बूट शिवले. माझ्याहून कितीतरी ओबडधोबड टाक्यांचे, कारण नजर गेली होती. पण पुढे रुंद.

ते त्यांनी स्वतः तिच्या पायात चढवले. मग अंगठा डाव्या बुटाच्या टोकावर ठेवला, करंगळी असते तिथे, आणि हळूच दाबले.

"खरं सांग. इथे दाबतं का?"

या खेपेला तिने खोटे सांगितले नाही.

"मला तिथलं काही कळत नाही, बाबा," ती म्हणाली. "तेव्हापासूनच."